आज्ञा आई-बाबांची, खाते मुलाचे!

बैठकीतील दिवा, पंखा किंवा रेडिओ यांसाठी खुर्चीवरून उठण्याची गरज आता अनेक घरांत उरलेली नाही. नुसता शब्द उच्चारला, की काम होते. अमेरिकेत 'ॲमेझॉन'ने २०१४मध्ये 'एको' हा बोलका स्पीकर आणला. भारतात तो २०१७मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी 'गुगल होम'ही दाखल झाला. सुटीत परदेशातून आलेली मुले पुण्या-मुंबईतील आई-वडिलांसाठी असा स्पीकर बसवून जातात. जोडणीचे काम जेमतेम तासाभराचे. मात्र, त्या तासात घाईने घेतलेले निर्णय पुढे आई-वडिलांना निस्तरावे लागतात.

यंत्र ऐकते कसे?

स्पीकरमधील मायक्रोफोन 'अलेक्सा' किंवा 'ओके गुगल' अशा हाकेची सतत वाट पाहत असतात. हाक ओळखण्याचे काम यंत्रातच होते. त्यापुढचे बोलणे मात्र सहसा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. तेथे वाक्याचा अर्थ लावला जातो आणि अनेकदा दिवा बनविणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत हुकूम घरी परततो. दहा फुटांवरच्या दिव्यासाठी शब्दाला एवढा प्रवास घडतो! साहजिकच, इंटरनेट बंद पडले की बहुतेक घरांतील ही व्यवस्था ठप्प होते.

जोडणीचा क्रम

बहुतेक स्मार्ट प्लग आणि दिवे २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असेल, तर जोडणी अनेकदा येथेच अडते. प्रथम प्लग त्याच्या स्वत:च्या ॲपमध्ये नोंदवावा आणि नंतर ते खाते स्पीकरच्या ॲपशी जोडावे. 'मॅटर' या २०२२मध्ये आलेल्या सामायिक मानकाची उपकरणे असतील, तर हा मधला टप्पा टळू शकतो.

त्यानंतर येते बारसे. 'हॉल लाइट' आणि 'हॉल लाइट दोन' अशा नावांनी यंत्राचा आणि माणसांचाही गोंधळ होतो. नावे छोटी आणि एकमेकांपासून वेगळी असावीत. अलेक्साला २०१९पासून हिंदी समजते. गुगल असिस्टंट मोबाइलवर २०१८पासून मराठीत बोलू लागला. भाषा कोणतीही निवडली, तरी प्रत्येक नाव घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला उच्चारायला सांगावे. तिची हाक यंत्राला कळली, तरच नाव पक्के करावे.

गिझरपासून सावधान

प्लगवर लिहिलेली अँपिअरची मर्यादा वाचल्याविना त्यावर काहीही जोडू नये. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर वीज ओढतो. तो सहा अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर चालविल्यास प्लग तापून वितळण्याचा, प्रसंगी आग लागण्याचा धोका असतो. गिझरसाठी १६ अँपिअरचाच प्लग हवा.

दुसरा प्रश्न सवयीचा. स्मार्ट दिवा आवाजावर चालण्यासाठी भिंतीवरचे बटण कायम चालू ठेवावे लागते. आयुष्यभर निजण्यापूर्वी बटणे बंद करीत आलेल्या आजोबांनी ते बंद केले, की स्पीकरचा हुकूम वाया जातो. त्यापेक्षा बोर्डाच्या आत, जुन्या बटणामागे स्मार्ट मॉड्यूल बसविणे सोयीचे. त्यामुळे आवाज आणि बटण, दोन्ही चालतात. त्यासाठी बोर्डात सहसा न्यूट्रलची तार लागते. हे काम मुख्य स्विच बंद करून जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.

मालक कोण?

सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित प्रश्न खात्याचा आहे. मुलाने स्वत:च्या खात्यावर स्पीकर सुरू केला, तर आई-वडिलांनी दिलेल्या आज्ञांची नोंद त्याच्या ॲपमध्ये जमा होते. परदेशात बसूनही तो घरातील दिवे चालू-बंद करू शकतो. एकोमधील 'ड्रॉप इन' सुविधेला परवानगी दिलेली असेल, तर समोरच्याने कॉल न स्वीकारताही घरातील आवाज ऐकू येऊ शकतो. वृद्ध पालक पडले, तर ही सोय आधार ठरते. एरवी तीच त्यांच्या खासगीपणावर घाला घालते. त्यांना विचारले होते का, एवढाच काय तो फरक.

यंत्राची चूकही होऊ शकते. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात २०१८मध्ये एका दाम्पत्याचे घरगुती संभाषण एकोने मुद्रित करून परस्पर त्यांच्या परिचिताला पाठविले होते. गप्पांमधील शब्द यंत्राने लागोपाठ आज्ञा म्हणून घेतल्याचा खुलासा कंपनीने केला होता.

हे अवश्य करा

- खाते शक्यतो त्या घरात राहणाऱ्याच्या नावे उघडावे.
- आवाजाच्या नोंदी ठरावीक काळाने आपोआप पुसल्या जातील, अशी निवड ॲपमध्ये करावी.
- आवाजावरून खरेदीची सोय बंद ठेवावी किंवा तिला पिन लावावा.
- मायक्रोफोन बंद करण्याचे बटण कोठे आहे, हे घरातील प्रत्येकाला दाखवावे.
- शयनगृहात स्पीकर ठेवण्यापूर्वी तेथे निजणाऱ्यांची संमती घ्यावी.

दिवा कोणाच्या शब्दावर लागतो, हे घरात सर्वांना दिसते. तो शब्द कोणाकडे साठतो, हे मात्र आई-वडिलांना बसवून समजावून सांगावे लागते. सुटी संपवून विमानतळाकडे निघण्यापूर्वी मुलांनी त्यासाठी अर्धा तास अवश्य राखून ठेवावा.