वनांचा जमाखर्च

मुंबई-आग्रा महामार्गाखालील बोगद्यातून नाशिकच्या इंदिरानगरात शिरणाऱ्या मनुष्याला डिझेलच्या धुराचा उग्र दर्प जसा तत्काळ जाणवतो, तसाच, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या नेहरू वनोद्यानाच्या सावलीत पाऊल टाकताच, हवेतील पालटही त्याला कोणी न सांगता कळतो. आणि त्याचे सारे श्रेय तो झाडांनी सोडलेल्या प्राणवायूला देतो. वस्तुतः प्राणवायूचे प्रमाण रस्त्यावर आणि रानात सारखेच, सुमारे २१ टक्के असते.

बंदिस्त हवेत मेणबत्ती विझल्यावर तेथे पुदिन्याची डहाळी ठेवली, तर काही दिवसांनी त्याच हवेत ज्योत पुन्हा तेवते, हे जोसेफ प्रीस्टले यांनी १७७१ साली पाहिले; आणि हे कार्य हिरवी पाने केवळ सूर्यप्रकाशातच करतात, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ साली दाखविले. परंतु झाडेही श्वसन करतात, रात्री तर पिंपळसुद्धा प्राणवायू सोडीत नाही, आणि पालापाचोळा कुजताना उरलीसुरली जमाही खर्ची पडत असल्यामुळे, पूर्ण वाढलेल्या अरण्याच्या खात्यावर प्राणवायूची शिल्लक जवळजवळ राहत नाही. आपण श्वासात घेतो ती कोट्यवधी वर्षांत सूक्ष्म जीवांनी व वनस्पतींनी साठविलेली पुरातन ठेव होय.

मग वनांचे ऋण कोणते? वाळलेल्या लाकडाचे सुमारे निम्मे वजन कर्बाचे असते, आणि वृक्ष उभा आहे तोवर हवेतून घेतलेला तो कर्ब त्याच्या खोडात तारण राहतो. खरखरीत, लवदार पानांवर बसलेली धूळ पावसाबरोबर मातीला मिळते. आणि पर्णरंध्रांतून निघणारे बाष्प भोवतालची उष्णता शोषून घेते.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिकचे नाव आहे, ते हवा बिघडली म्हणूनच. सातपूरकडील फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून नागरिकांनी देशी झाडांची देवराई उभी केली, हे निःसंशय अभिमानास्पद. तथापि आज लावलेल्या रोपाला जुन्या वडाचा पर्णसंभार लाभण्यास कित्येक दशके लागतात, आणि तोवरची धूळ आपल्या मुलांच्या फुप्फुसांत जाते. म्हणून रस्ता रुंद करताना एखादा जुना वृक्ष आड आला, तर त्याच्या मोबदल्यात किती रोपे लावणार हे ठरविण्यापूर्वी, तो आज किती सावली धरतो आणि किती धूळ अडवितो, याची नोंद महानगरपालिकेच्या दफ्तरी व्हावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.