जायबंदी हाताला पुन्हा कामास लावणारा व्यवसायोपचार

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस पिकू लागला, गोठे वाढले आणि वैरण कापण्यासाठी कडबाकुट्टी यंत्रे आली. यंत्राने कष्ट हलके केले खरे. परंतु वैरण लोटताना हात पात्यांपर्यंत गेला, की क्षणात घात होतो. जखम शिवली जाते, टाके निघतात आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. वस्तुतः बरी झालेली असते ती जखम, हात नव्हे. पुढे मूठ वळत नाही, खुरपे धरवत नाही, धार काढता येत नाही. अशा वेळी नशिबाला बोल न लावता व्यवसायोपचाराची चौकशी करावी.

व्यवसायोपचार म्हणजे काय?

नावावरून हे नवा धंदा शिकविण्याचे काम वाटेल. तसे ते नाही. भौतिकोपचारात सांध्यांची हालचाल व स्नायूंचे बळ यांवर भर असतो. व्यवसायोपचारात त्या बळाने रोजची कामे पुन्हा साधण्यावर भर असतो. जेवणे, कपडे घालणे, दोर वळणे, विळा धरणे ही कामेच येथे औषध होतात. तज्ज्ञ हाताच्या मापाची आधारपट्टी करून देतो, सूज उतरविण्याचे व व्रण मऊ ठेवण्याचे उपाय शिकवितो. पकड अपुरी राहिल्यास अवजाराची मूठ जाड करून देतो. बोट गमावलेच असेल, तर उरलेल्या बोटांनी काम कसे साधावे तेही दाखवितो.

येथे वेळेला फार महत्त्व आहे. हात दीर्घकाळ निश्चल राहिल्यास सांधे आखडतात. मात्र शिवलेली शीर घाईने ताणल्यास तुटते. म्हणून हालचाल केव्हा व किती करावी, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

या विद्येचा आपल्या भागाशी संबंध

भारतातील व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन. विवाहामुळे त्या महाराष्ट्राच्या झाल्या. त्यांचेच पुत्र बी. व्ही. निंबकर यांनी नीरेपलीकडच्या फलटणला १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापिली. आईने जायबंदी हातांची चिंता वाहिली, मुलाने शेतीची.

सेवा कोठे शोधावी?

व्यवसायोपचारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात भेटेलच असे नाही. प्रथम इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथील अस्थिरोग विभागात विचारावे. तेथे सोय नसल्यास पुण्याच्या ससून रुग्णालयासाठी किंवा मुंबईत हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागावी. खाजगी तज्ज्ञाकडे जाताना त्याची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे काय, हे निःसंकोच विचारावे. आपण कोणती कामे करतो, हे त्यास सविस्तर सांगावे. उपचाराची आखणी त्यावरूनच होते.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे

१. अपघात होताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोटास बर्फ लागू देऊ नये.

२. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव किंवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपये, दोन निकामी झाल्यास वा मृत्यू ओढवल्यास २ लाख रुपये साहाय्य मिळते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यावा.

३. रोगी घरी आल्यावर महिन्याभराने पुन्हा भेटावे व मूठ वळते काय ते पाहावे. वळत नसेल, तर त्यास त्वरित रुग्णालयाकडे परत पाठवावे.

शेतकऱ्याच्या अवजारांत हाताइतके मोलाचे दुसरे नाही. तो केवळ जोडला गेला म्हणजे काम संपले, असे नव्हे. त्याच हाताने धार काढली गेली, म्हणजे उपचार पुरा झाला.