युक्तिवाद कमकुवत करणे म्हणजे काय?

बँकेची परीक्षा असो, कॅट असो किंवा लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा, एक प्रश्नप्रकार भेटू शकतो. चार-पाच ओळींचा उतारा असतो आणि खाली विचारलेले असते : 'पुढीलपैकी कोणते विधान खरे मानल्यास वरील युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत होईल?' आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना आकडेमोड जमते, पण येथे आम्ही अडखळतो. कारण आपण निष्कर्ष खोटा पाडायला धावतो. तसे काहीच सिद्ध करायचे नसते. आधार आणि निष्कर्ष यांच्यामध्ये एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती डळमळली की काम झाले.

उदाहरण माझ्या भागातलेच देतो. मुधोळ म्हटले की कन्नड विभागाच्या वाचकांना बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ आणि तिथले शिकारी कुत्रे आठवतील. हे मुधोळ निराळे. हे तेलंगणातले, १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात, नंतर आदिलाबादमध्ये आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात. जवळच बासर येथे गोदावरी आहे, आणि तिच्यावरच वरच्या अंगाला, महाराष्ट्राच्या हद्दीत, बाभळीचा बंधारा आहे.

या बंधाऱ्याविरुद्ध आंध्र प्रदेशने २००६ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : बाभळी ही जागा पोचमपाडच्या श्रीरामसागर धरणाच्या फुगवट्यात येते, म्हणून या बंधाऱ्यामुळे धरणाचे पाणी तुटेल आणि खालची शेती कोरडी पडेल.

यातला आधार खरा आहे. जागा फुगवट्यातच आहे. त्यावर हल्ला करून काही साधत नाही. 'बंधारा आमच्या हद्दीत, पैसा आमचा' हे उत्तर आमच्याकडे चहाच्या टपरीवर फार ऐकू येते. तेही येथे कुचकामी, कारण हद्द कोणाचीही असली तरी पाणी तुटायचे ते तुटेलच. परीक्षेत असे पर्याय मुद्दाम पेरलेले असतात. ऐकायला जोरदार, पण निष्कर्षाला स्पर्शही न करणारे.

गृहीत काय आहे ते पाहा : फुगवट्यात बांधले म्हणजे जाणवण्याइतके पाणी जाईल. आता आकडे. बंधाऱ्याची क्षमता २.७४ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यातले फुगवट्याच्या सामाईक भागातले पाणी फक्त ०.६ टीएमसी. धरणाची मूळ क्षमता सुमारे ११२ टीएमसी, म्हणजे हा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शिवाय २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याची दारे उघडी ठेवायची आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, असे ठरले. एवढ्याने मूळ युक्तिवाद बराच सैल होतो. पुरता मात्र मरत नाही. पावसाने दगा दिलेल्या वर्षी मार्चपर्यंत अडलेले थोडे पाणीही मोलाचे ठरू शकते, असे म्हणायला जागा उरतेच. परीक्षकाला एवढेच हवे असते.

ही रीत परकी नाही. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त उपाधीचे प्रकरण आहे. 'आग आहे, म्हणून धूर असणार' या अनुमानाला तिथे ओल्या इंधनाची उपाधी दाखवली आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. आग कोणी नाकारली नाही, फक्त मधला दुवा दाखवून दिला.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. धर्माबादकडचा शेतकरी म्हणतो, 'दारे ऑक्टोबरच्या अखेरीस बंद होतात, तोवर पूर ओसरलेला असतो, म्हणून बंधाऱ्याचा आम्हाला उपयोग नाही.' पर्याय : (अ) बंधाऱ्यावर मोठा खर्च झाला आहे. (आ) बहुतेक वर्षी नोव्हेंबरमध्येही बंधारा भरण्याइतका प्रवाह नदीला असतो. (इ) पोचमपाडखालच्या शेतकऱ्यांनाही पाणी लागते. तिन्ही विधाने प्रश्नापुरती खरी धरा. प्रश्नपत्रिकेत तशी सूचनाच असते. खर्चाने पाणी येत नाही आणि दुसऱ्याची तहान आपला उपयोग ठरवत नाही. उत्तर (आ).