बाण, मशाल, शिट्टी आणि न काढलेली चित्रं

२६ एप्रिल २०२४ रोजी परभणी लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा मतदान यंत्रावर धनुष्यबाण नव्हता. परभणीत ही गोष्ट साधी नाही. शिवसेना फुटली, १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं, आणि त्या गटाने परभणी लढवलीच नाही. महायुतीने जागा सोडली राष्ट्रीय समाज पक्षाच्या महादेव जानकरांना. त्यांची शिट्टी, समोर उद्धव ठाकरे गटाच्या संजय उर्फ बंडू जाधवांची मशाल, आणि वंचित बहुजन आघाडीकडून पंजाबराव डख, म्हणजे मोबाईलवर पावसाचा अंदाज सांगून घराघरात पोचलेले सेलू तालुक्यातले गृहस्थ. जिल्ह्याचा शेतकरी ज्यांना ‘पेरणी कधी करू’ असं विचारतो, तेच मत मागत फिरत होते. पंतप्रधान २० एप्रिलला शिट्टीसाठी सभा घेऊन गेले. एवढी सामग्री एकाच मतदारसंघात, एकाच उन्हाळ्यात जमून आली, आणि तिच्यावर काढलेलं एकही धड व्यंगचित्र मला आठवत नाही. माझ्या मागोव्याचं कारण तेवढंच आहे.

मी राजकारणाचा अभ्यासक नव्हे. मी चित्रकथांवर वाढलेला माणूस. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ ज्याच्या जबड्यावर ठोसा मारायचा, त्याच्यावर अंगठीतली कवटी उमटायची. ती खूण पाहिली की पुढचं वाचायची गरज नसे. चांदोबा, किशोर, पुढे १९९१ पासून ‘सकाळ’मधला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू, दिवाळीला ‘आवाज’मधली खिडकीचित्रं, हे सगळं ज्याच्या डोळ्यांत मुरलंय, त्याला निवडणूक आधी चित्र म्हणूनच दिसते. खरं तर ती आहेच तशी. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुतेक मतदारांना अक्षरओळख नव्हती, म्हणून चिन्हं आली. बैलजोडी, झोपडी, पणती, हत्ती. आयोगाकडे त्यासाठी चित्रं काढणारा माणूस नोकरीला असे. शेवटचे एम. एस. सेठी १९९२ मध्ये निवृत्त झाले, पण त्यांच्या पेन्सिलीतून उतरलेल्या वस्तू अजून मतदान यंत्रावर दिसतात. अमेरिकेत पक्षांचे प्राणी रुजवले ते थॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराने. रिपब्लिकनांचा हत्ती त्याने १८७४ मध्ये काढला, तो टवाळीसाठी. पक्षाने ती टवाळी अंगाला लावून घेतली आणि मिरवली. आपल्याकडे चिन्ह सरकारी कचेरीतून आलं, म्हणून त्यात टवाळी नव्हती. ती भर गावच्या पेंटरांनी घातली.

त्या पेंटरांवर कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. ऐंशीच्या दशकात परभणीत नानलपेठेपासून वसमत रोडपर्यंत, आणि खेड्यात तर वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत, भिंती निवडणुकीच्या कितीतरी आधी अडवल्या जायच्या. कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि ‘राखीव’ एवढं लिहिलं की ती भिंत त्यांची. मग चुन्याचा हात, त्यावर गेरू किंवा निळीचा रंग. धनुष्याची कमान काढायला खिळा आणि सुतळी पुरे. पण सुतळी सैल पडली की धनुष्याचा विळा व्हायचा, आणि ते दुसऱ्याच पक्षाच्या पथ्यावर पडायचं. पंजा सोपा वाटतो, तसा नाही. अंगठा कुठल्या बाजूला यावरून पेंटर आणि कार्यकर्ता यांच्यात भांडण ठरलेलं. कमळाच्या पाकळ्या भिंतीच्या लांबीप्रमाणे कमी-जास्त व्हायच्या. १९९९ नंतर राष्ट्रवादीचं घड्याळ आलं. अधिकृत चिन्हात दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात, पण खेड्यांत ते घड्याळ पेंटरच्या मनातली वेळ दाखवी. कुठे सव्वातीन, कुठे साडेसहा. हे हसू कोणी ठरवून आणलेलं नव्हतं, म्हणून ते मला जास्त आवडतं.

आता बाणाकडे येतो. शिवसेना मराठवाड्यात शिरली ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. १९८९ मध्ये परभणीतून अशोकराव देशमुख लोकसभेवर गेले. कागदोपत्री अपक्ष, पण सेनेचे म्हणून. सेनेला धनुष्यबाण मिळाला तो परभणीमुळेच, असं जुने परभणीकर अजूनही छाती फुगवून सांगतात. १९९० पासून परभणी शहराची विधानसभेची जागाही सेनेकडेच राहिली. १९९८ चा अपवाद सोडला, तेव्हा काँग्रेसचे सुरेश वरपूडकर जिंकले, तर लोकसभेलाही तेच. इथला खासदार निवडून येतो सेनेतून आणि पुढे जातो दुसरीकडे, असा परभणीचा लौकिक. त्या लौकिकाला २०२२ च्या फुटीत छेद दिला तो बंडू जाधवांनी. नावात बंड असलेला एवढा एकच माणूस जागचा हलला नाही.

पण हा पक्ष मुळात एका व्यंगचित्रकाराने काढलेला, हे परभणीतल्या भिंती पाहताना माझ्या मनातून कधी जात नसे. बाळ ठाकरे फ्री प्रेस जर्नलमध्ये चित्रं काढत, आर. के. लक्ष्मणही त्या काळात तिथेच होते. पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. लक्ष्मण टाइम्समध्ये गेले आणि चौकटीचा कोट घातलेला सामान्य माणूस त्यांनी आयुष्यभर मुका ठेवला. ठाकऱ्यांनी १३ ऑगस्ट १९६० ला ‘मार्मिक’ सुरू केलं, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते, आणि १९ जून १९६६ ला शिवसेना. कुंचला त्यांनी खाली ठेवला असं म्हणतात. मला ते पटत नाही. तो त्यांनी सभेत नेला. शरद पवारांना ‘मैद्याचं पोतं’ म्हणणं हे शब्दांनी काढलेलं अर्कचित्रच आहे. एक आकार उचलायचा, तो फुगवायचा, बाकी सगळं गाळायचं. मैदानात बसलेल्या लाखभर माणसांना एकाच क्षणी तेच चित्र दिसायचं. हे कसब मी मानतो, आणि त्याच्याशी माझं भांडणही इथूनच सुरू होतं.

कारण अर्कचित्राची रीत माणसाला लावली तर तो एक माणूस हास्यास्पद होतो. ती समाजाला लावली तर त्यातली सगळी माणसं एका आकारात कोंबली जातात. ‘खान पाहिजे की बाण पाहिजे’ ही घोषणा परभणीने आणि औरंगाबादने वर्षानुवर्षं ऐकली. यमक पक्कं, दोन चौकटी, मधे जाड रेघ. व्यंगचित्र म्हणून पाहिलं तर रचना बिनचूक आहे. पण या दोन चौकटींत कापसाचा भाव नव्हता, गोदाकाठी असूनही उन्हाळ्यात लागणारे टँकर नव्हते, ऊसतोडीला जाणाऱ्या पालमच्या आणि गंगाखेडच्या बायका नव्हत्या. परभणीत एका गल्लीत हरिपाठ आणि पलीकडच्या गल्लीत मुशायरा होतो, ते तर नव्हतंच. निजामाच्या राज्यातून आलेल्या या जिल्ह्याची थट्टाही दखनी बोलते. ‘बनी तो बनी नहीं तो परभणी’ हे वाक्य आम्ही स्वतःवरच वापरतो, आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हेही. स्वतःवर हसणाऱ्या गावाला शेजाऱ्यावर हसायला शिकवलं गेलं, आणि त्याचं श्रेय देशातल्या एका उत्तम रेषेच्या माणसाकडे जातं, हे मला बोचतं.

व्यंगचित्राचं तोंड वर असावं, खुर्चीकडे, असं मी मानतो. आणीबाणीत हे दिसलं. डिसेंबर १९७५ मध्ये अबू अब्राहम यांनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये राष्ट्रपतींना बाथटबमध्ये बसून अध्यादेशावर सही करताना दाखवलं. त्याच वर्षी व्यंगचित्रकार शंकर यांचं ‘शंकर्स वीकली’ बंद झालं. आणि इकडे महाराष्ट्रात ठाकऱ्यांनी आणीबाणीला पाठिंबा दिला. तेव्हा ते पुढारी झालेले होते, आणि पुढाऱ्याला हिशेब असतो.

पुढचा काळ भराभर सांगतो, कारण तो बराचसा सर्वांना ठाऊक आहे. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या धाकाने भिंती कोऱ्या झाल्या आणि १९९५ मध्ये महाराष्ट्रात विद्रूपीकरणाविरुद्ध कायदाही आला. मग फ्लेक्स आला आणि पेंटर संपले. फ्लेक्सवर रेषा नसते, नुसते चेहरे असतात, तेही हात जोडलेले. एका फलकावर तीस-चाळीस लोक हसत असतात आणि पाहणाऱ्याला हसू येत नाही. २०१२ मध्ये शंकर यांनी १९४९ साली काढलेलं, डॉ. आंबेडकर आणि नेहरूंचं राज्यघटनेवरचं चित्र पाठ्यपुस्तकात असल्यावरून संसदेत गदारोळ झाला, पुण्यात पाठ्यपुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकरांच्या कार्यालयावर हल्ला झाला. चित्रावरचा आक्षेप मांडण्याचा हक्क आंबेडकरी समाजाला होता आणि आहे. त्यातला चाबूक कोणाच्या हातात दाखवला आहे हे त्याला दुसऱ्या कोणी समजावण्याची गरज नव्हती. कार्यालय फोडणं ही वेगळी गोष्ट. त्याच वर्षी सप्टेंबरात व्यंगचित्रकार असीम त्रिवेदींना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली.

२०१६ ची गोष्ट मात्र परभणीच्या जिव्हाळ्याची आहे. त्या वर्षी मराठा क्रांती मोर्चे निघाले. परभणीतही लाखोंचा मोर्चा शब्द न बोलता चालून गेला. त्या मूकपणावर सेनेच्या मुखपत्राच्या, ‘सामना’च्या पुरवणीत एक चित्र आलं, स्वस्त कोटीचं, आणि मराठवाडा पेटून उठला. अंकांची होळी झाली, नवी मुंबईत कार्यालयावर दगड पडले, आणि शेवटी उद्धव ठाकऱ्यांना माफी मागावी लागली. व्यंगचित्रकाराने काढलेल्या पक्षाने व्यंगचित्रासाठी माफी मागितली. चित्र वाईट होतं, हे माझं मत आहेच. पण त्याच्या वाईटपणाचं कारण लोकांनी सांगितलं त्याहून थोडं वेगळं आहे. रस्त्यावर उतरलेल्या माणसांकडे ते पाहतच नव्हतं, एका शब्दावर कोटी सुचली म्हणून काढलेलं होतं.

२०१९ मध्ये राज ठाकरे, तेही कुंचल्याचे, लोकसभेला एकही उमेदवार उभा न करता सभा घेत हिंडले. ‘लाव रे तो व्हिडिओ’ नांदेडात घुमलं, परभणीच्या मतदानाला तेव्हा आठवडाही उरला नव्हता. सत्ताधाऱ्याचं जुनं भाषण पडद्यावर दाखवायचं, थांबायचं, आणि भुवई उंचवायची. विनोदाची ती पद्धत मला फार आवडली, कारण तिच्यात रेषा नसली तरी तोंड वर होतं. मतांवर तिचा काही परिणाम झाला नाही. लोक हसले, टाळ्या दिल्या आणि ठरलेलं बटण दाबून आले. विनोदाने निवडणुका फिरतात, असं मानणाऱ्यांनी त्या एप्रिलच्या मतदानाचा निकाल पाहावा.

आणि मग २०२४. बाण नाही, आणि त्यामुळे खान-बाणाची ती घोषणाही नाही. उलट मुस्लिम मतं मोठ्या संख्येने मशालीकडे गेली, असं निकालानंतरच्या बहुतेक विश्लेषणांत लिहिलं गेलं. जाधव सव्वा लाखाहून जास्त मतांनी जिंकले. तीन दशकं ज्या दोन चौकटींत परभणीला उभं केलं, त्यातली एक चौकट मुंबईच्या भांडणात गहाळ झाली आणि दुसरीतला माणूस पहिलीवाल्याच्या खांद्याला खांदा लावून रांगेत उभा राहिला. याहून मोठा विनोद परभणीच्या राजकारणात झालेला नाही. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी हा प्रसंग चितारला असता तर त्यात एकही शब्द लागला नसता.

मग तो कोणी काढला का नाही? मुंबई-पुण्याच्या दैनिकांत प्रशांत कुलकर्णी, आलोक यांच्यासारखे चांगले लोक आहेत, पण त्यांना दिल्ली आणि मंत्रालय पुरून उरतं. जिल्हा आवृत्तीला बातमीदार असतो, जाहिरातीचा माणूस असतो, चित्रकार नसतो. मोबाईलवर फिरणारी चित्रं म्हणजे सिनेमातला फोटो आणि त्यावर चार शब्द. ती दुसऱ्या दिवशी शिळी होतात आणि परभणीऐवजी पाटण्याचं नाव घातलं तरी चालतात. पेंटरने काढलेलं साडेसहाचं घड्याळ त्या एकाच भिंतीचं होतं.

जिल्हा आवृत्त्यांच्या संपादकांना म्हणून विनंती करतो. पुढच्या निवडणुकीत शेवटच्या पानावर एक लहान चौकट परभणीच्या चित्रकाराला द्या, आणि तिचे पैसेही द्या. चित्रकलेचे शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी जिल्ह्यात भरपूर आहेत. आणि वाचकांपैकी कोणाच्या घरी लग्नाच्या, वरातीच्या जुन्या फोटोंत मागे रंगवलेली भिंत आलेली असेल, धनुष्य असो, पंजा असो की चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ, तर तो फोटो टाकून देऊ नका. मागे गावाचं नाव आणि साल लिहा आणि एक प्रत जवळच्या वाचनालयात नेऊन द्या.