पंपाच्या तारेचे टोक : थिंबलची रचना आणि तारेचा आधार

विहिरीवरील विजेचा पंप हा आज बागायती शेतीचा कणा झाला आहे. पंप बंद पडला म्हणजे केवळ एक यंत्र बंद पडत नाही, तर पिकाच्या पाण्याची पाळी चुकते. गव्हाला पेरणीनंतर सुमारे 21 दिवसांनी, म्हणजे मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, द्यावयाचे पाणी लांबले तर ती हानी पुढील पाळ्यांनी पूर्णपणे भरून निघत नाही. नेमक्या अशा दिवसांत मोटार जळून ती पुन्हा भरून येईपर्यंत थांबावे लागले, तर दुरुस्तीच्या खर्चाहून पिकाचे नुकसानच अधिक होते.

मोटार जळाली की दोष बहुधा कमी व्होल्टेजला दिला जातो. पुष्कळदा तो खराही असतो. तथापि स्टार्टरची पेटी उघडून पाहिल्यास तीन तारांपैकी एका तारेचे टोक काळे पडलेले आणि तिचे आवरण वितळलेले, असेही वारंवार आढळून येते. व्होल्टेज आपल्या हाती नाही. तारेचे हे बोटाच्या पेराएवढे टोक मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. या टोकाला जो धातूचा तुकडा दाबून बसवितात त्यास बाजारात थिंबल किंवा लग म्हणतात. त्याची रचना कशी असावी व ती तशीच का असावी, याचा विचार या लेखात केला आहे.

जोड का तापतो?

वीज तारेतून वाहताना तिला जेथे अडथळा होतो तेथे उष्णता निर्माण होते. ही उष्णता अडथळ्याच्या प्रमाणात वाढते, परंतु प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे विशेष ध्यानात ठेवावे. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. 5 अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर सुमारे 7 ते 8 अँपिअर प्रवाह घेते. व्होल्टेज कमी असले तर त्याहून अधिक घेते. आपण 10 अँपिअर धरू. चांगल्या जोडाचा अडथळा एका ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. अशा जोडात एक दशांश वॅटदेखील उष्णता होत नाही. तोच जोड ढिला होऊन अडथळा 0.1 ओहम झाला, तर त्या एका ठिकाणी 10 वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची लहान इस्त्री साधारणतः 25 वॅटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे नखाएवढ्या जागेत 10 वॅट म्हणजे काय, याची कल्पना येईल. तारेवरील साधे पीव्हीसीचे आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी केलेले असते. त्यापुढे ते मऊ पडून खराब होऊ लागते.

पुढे हे चक्र आपोआप वाढत जाते. तापलेला धातू गंजतो, गंजाने अडथळा वाढतो, अडथळ्याने जोड अधिक तापतो. शेवटी एक दिवस ती तार पूर्णपणे सुटते आणि मोटारीला तीनपैकी दोनच फेज मिळू लागतात. थांबलेली मोटार अशा वेळी नुसती घुमते, सुरू होत नाही. चालू असलेली मोटार मात्र तशीच फिरत राहते आणि उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोन पट प्रवाह ओढते. वरील नियमाप्रमाणे त्या वेढ्यांत उष्णता सुमारे तिप्पट होते. संरक्षक रिले योग्य रीतीने लावलेला नसेल, तर मोटार जळण्यास मग वेळ लागत नाही.

तारेच्या टोकाची दोन कामे

तारेच्या टोकाला दोन वेगळी कामे करावयाची असतात. एक, तांब्यातून धातूच्या तुकड्यात वीज विनाअडथळा पोहोचविणे. दोन, तार तिच्या जागी स्थिर ठेवून तिच्यावर येणारा ओढ, वाक व हादरा स्वतः सोसणे. पहिल्या कामाकडे सर्वांचे लक्ष असते. दुसऱ्याकडे फारसे कोणाचे नसते. आणि बहुतेक जोड या दुसऱ्या कामाच्या अभावी बिघडतात.

आंब्याच्या कलमाचे उदाहरण घेऊ. खुंट व डोळकाडी यांच्या सालीखालील जिवंत थर एकमेकांस भिडले तरच कलम जीव धरते. परंतु तेवढ्याने भागत नाही. जोडावर पट्टी घट्ट बांधावी लागते व लागवडीनंतर कलमाला काठीचा आधार द्यावा लागतो; नाही तर वाऱ्याने जोड हलून कलम मोडते. थिंबलमध्येही तांब्याची भेट निराळी आणि तारेचा आधार निराळा. दोन्ही असतील तरच जोड टिकतो.

दाबून केलेला जोड

तार नुसती पिळून स्क्रूखाली गुंडाळली, तर तिच्यातील बारीक तंतूंपैकी काहीच दाबले जातात, काही बाहेर निसटतात. डाग देऊन म्हणजे कथिल लावून टोक कडक करून ते स्क्रूखाली धरण्याची रीतही चांगली नव्हे. कथिल मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू सरकते व स्क्रू ढिला पडतो. शिवाय कथिल जेथे संपते तेथे कडक व मऊ भागांची सीमा तयार होते आणि हादऱ्याने तंतू त्याच सीमेवर तुटतात.

यावर उपाय म्हणून दाबून बसविण्याच्या थिंबलचा प्रसार झाला. 1941 साली अमेरिकेत यू. ए. व्हिटेकर यांनी स्थापन केलेल्या एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स या कंपनीने विमाने व जहाजे यांच्यासाठी असे डागाविना जोड तयार केले. विमानात सतत हादरे बसतात, म्हणून तेथे त्यांची निकड होती. आपल्या पंपालाही सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच-सहा पट प्रवाहाचा झटका बसतो व दररोज हादरे सोसावे लागतात. सबब तेच तत्त्व येथेही लागू पडते.

योग्य साच्याच्या हत्याराने नळी दाबली असता तंतू गोल न राहता एकमेकांत चेपले जातात व त्यांच्यामध्ये हवेला जागा उरत नाही. हवा व ओल आत न शिरल्याने आतील तांबे गंजत नाही. दाब कमी पडला तर पोकळी राहते. दाब अधिक झाला तर तंतू चिरडून अर्धवट तुटतात. म्हणून साध्या पकडीने किंवा हातोडीने थिंबल चेपणे सर्वथा अयोग्य होय.

थिंबलचे भाग व त्यांचे प्रयोजन

ट्रॅक्टरच्या वायरिंगमधील लहान थिंबल हातात घेऊन पाहावे, म्हणजे रचना स्पष्ट होते. त्यावर पत्र्याच्या पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात.

डोळा : हा भाग स्क्रूखाली बसतो. त्याचे छिद्र स्क्रूच्या मापाचे असावे. 5 मिलिमीटर स्क्रूसाठी 8 मिलिमीटरचे छिद्र घेतले, तर टेकण्याची जागा कमी होते. पूर्ण गोल डोळ्याचे थिंबल स्क्रू थोडा ढिला झाला तरी निसटत नाही. काट्यासारख्या उघड्या तोंडाचे निसटते. म्हणून मोटार व स्टार्टरसाठी गोल डोळाच पसंत करावा.

पहिली पकड : पाकळ्यांची ही जोडी फक्त उघड्या तांब्यावर दाबावयाची असते. तांब्याचे टोक पकडीच्या पुढे सुमारे 1 मिलिमीटर दिसले पाहिजे, म्हणजे तार पूर्ण आत पोहोचल्याची खात्री होते. मात्र ते डोळ्यापर्यंत जाऊन स्क्रूखाली येता कामा नये.

रुंद काठ : पहिल्या पकडीचा मागील काठ घंटेच्या तोंडासारखा किंचित पसरट राहावा. काठ धारदार राहिला तर तार हलताच तो तंतू कापू लागतो.

खिडकी : दोन पकडींच्या मधली ही मोकळी जागा होय. येथे थोडे तांबे व थोडे आवरण, दोन्ही दिसावीत. नुसते तांबे दिसले तर आवरण मागे राहिले आहे व दुसरी पकड निरुपयोगी ठरली आहे. नुसते आवरण दिसले तर ते पहिल्या पकडीत शिरून वीज अडवीत असण्याचा संभव आहे.

दुसरी पकड : ही आवरणावर बसते. हिचे काम वीज वाहण्याचे नसून तार धरण्याचे आहे. हिने आवरण सर्व बाजूंनी कवेत घ्यावे, पण त्यात रुतून तांब्यापर्यंत जाऊ नये. ही पकड नीट असली म्हणजे तार वाकते ती आवरणासह, पकडीच्या मागे. उघडे तंतू वाकत नाहीत. हिच्याविना सारा वाक तंतूंवर येतो आणि ते एकेक करून तुटतात.

स्टार्टरमध्ये वापरावयाच्या जाड तारांचे थिंबल बहुधा बंद नळीचे असतात व त्यांना दुसरी पकड नसते. अशा वेळी आधार आपण निर्माण करावा लागतो. नळी व आवरण दोन्ही झाकली जातील अशी उष्णतेने आकसणारी नळी चढवावी आणि पुढे सांगितल्याप्रमाणे केबल बांधावी. प्लॅस्टिकच्या गळपट्टीची थिंबल वापरल्यास गळपट्टी आवरणावरही दाबावी. यांचे रंग ठरलेले आहेत : 0.5 ते 1.5 चौरस मिलिमीटर तारेसाठी तांबडा, 1.5 ते 2.5 साठी निळा व 4 ते 6 साठी पिवळा. तार जाड म्हणून तिचे काही तंतू कापून लहान थिंबलमध्ये घालणे, किंवा तार बारीक म्हणून ती दुमडून मोठ्यात भरणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात.

तांबे व ॲल्युमिनियम

तांब्याच्या थिंबलमध्ये ॲल्युमिनियमची तार दाबू नये. ॲल्युमिनियमवर हवेने एक कठीण थर चढतो व तो वीज अडवितो. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावते व दाबाखाली सरकतही जाते, त्यामुळे जोड दिवसेंदिवस ढिला होतो. ओल लागल्यास दोन धातूंच्या संयोगाने ॲल्युमिनियम झिजते. यास्तव ॲल्युमिनियमच्या तारेस ॲल्युमिनियमची नळी व तिच्यासाठीचा लेप वापरावा. तांब्या-पितळेच्या टोकाशी जोडताना दोन धातूंचे तयार थिंबल घ्यावे.

बसविण्याची रीत

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. शेतकऱ्याने ते जवळ उभे राहून पुढील क्रमाने तपासावे.

1. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावेत व टेस्टरने वीज नसल्याची खात्री करावी.

2. नळीच्या लांबीपेक्षा फार तर 1 ते 2 मिलिमीटर अधिक एवढेच आवरण सोलावे. एकही तंतू कापला जाऊ नये. तांबे काळे पडले असल्यास चकचकीत तांबे लागेपर्यंत तार छाटावी.

3. तार नळीत पूर्ण घालून मापाच्या साच्यात दाबावी. नंतर हाताने जोराने ओढून पाहावी. सरकली तर थिंबल कापून टाकून नवे बसवावे. एकदा दाबलेले थिंबल पुन्हा वापरू नये.

4. थिंबल पेटीतील पट्टीवर थेट टेकवावे. त्यावर साधा वायसर, मग स्प्रिंग वायसर व शेवटी नट, असा क्रम ठेवावा. थिंबल व पट्टी यांच्यामध्ये लोखंडी वायसर घालू नये.

5. तार सरळ रेषेत थिंबलमधून बाहेर यावी. वळण द्यावयाचे ते थिंबलपासून काही अंतर सोडून, मोठ्या गोलाईत द्यावे.

6. पेटीत शिरताना केबल ग्लँडमधून घ्यावी व जोडापासून वीतभर अंतराच्या आत ती पट्टीने बांधावी. पेटीबाहेर केबलला खालच्या बाजूस झोळ ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी आत न येता तेथूनच गळून जाईल.

पाणबुडी पंपाची केबल पाइपास थोड्या थोड्या अंतरावर बांधलेली असावी. ती मोकळी लोंबत राहिल्यास खोल विहिरीतील केबलचा सारा भार वरच्या टोकांवर येतो. कितीही उत्तम थिंबल असले तरी ते केबल टांगण्याची खुंटी नव्हे.

सौर पंपाबाबत विशेष दक्षता

सौर पंपांचा प्रसार आता वाढत आहे. त्यांच्या पॅनेलच्या काळ्या जोडांतही आत धातूची पिन तारेवर दाबून बसविलेली असते. पॅनेलमधून येणारी वीज एकाच दिशेने वाहणारी असल्याने ढिल्या जोडात पडणारी ठिणगी सहज विझत नाही, ती पेटतच राहते. ऊन असेतो पॅनेलमध्ये वीज असतेच, हेही विसरू नये. पंप चालू असताना हे जोड कधीही उपसू नयेत, आणि मुख्य म्हणजे तारा पॅनेलखाली मोकळ्या लोंबू न देता चौकटीस बांधून ठेवाव्यात.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी

गावभेटीच्या वेळी पंपाची पेटी पाहण्याचा प्रघात पाडावा. वीज बंद करवून पेटी उघडावी व पुढील खुणा पाहाव्यात : रंग बदललेला डोळा, कडक किंवा वितळलेले आवरण, जळका वास, बाहेर आलेले तंतू, कुंभारीण माशीने केलेली मातीची घरे, आणि हलकेच हलविली असता हलणारी तार. तीनपैकी एकच टोक काळे असेल तर दोष त्या जोडाचाच समजावा. अशी तपासणी रब्बीच्या पाण्यापूर्वी एकदा व पावसाळा संपताच एकदा व्हावी. ऊस किंवा वाळलेला पाला पेटीच्या अगदी लगत असेल तर तो दूर करण्यास सांगावे.

एका थिंबलची किंमत काही रुपये असते, आणि ते नीट दाबण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. तारेला वीज नेण्याची वाट जशी हवी तसाच तिला आधारही हवा, एवढे एक तत्त्व ध्यानात ठेवून प्रत्येक पेटीतील सहाही टोके येत्या हंगामापूर्वी तपासून घ्यावीत.