ॲपवरचं झटपट कर्ज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पगाराला आठवडा असताना घरात आजारपण निघालं, की मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारं कर्ज मोठा आधार वाटतं. या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले आणि मे २०२५ मध्ये ते एकत्र करून नव्याने जारी केले. तरीही काही समजुती लोकांना अडचणीत आणतात.

गैरसमज : ॲप स्टोअरवर आहे, म्हणजे अधिकृतच.
वस्तुस्थिती : ॲप बहुतेकदा मध्यस्थ असतं. कर्ज बँकेचं किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीचं हवं. रक्कम त्या संस्थेकडून थेट तुमच्या खात्यात यावी आणि हप्ता थेट तिच्याच खात्यात जावा. संस्थांनी कळवलेल्या ॲपची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे.

गैरसमज : व्याजाला कायद्याने मर्यादा आहेच.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. मात्र राज्यांचे सावकारी कायदे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना लागू नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. त्यांच्या ॲपकर्जाला ठरावीक कमाल दर नाही. पण सगळे खर्च धरून होणारा वार्षिक दर आधी लेखी सांगणं बंधनकारक आहे. तोच वाचा. समजा, १०,००० रुपयांच्या कर्जातून २,००० आधीच कापले आणि १४ दिवसांनी पूर्ण १०,००० फेडायचे, तर हा दर ६५० टक्क्यांवर जातो.

गैरसमज : एकदा घेतलेलं कर्ज लगेच परत करता येत नाही.
वस्तुस्थिती : किमान एक दिवसाची मुदत मिळतेच. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या काळाचा आकार भरला, की दंड लागत नाही. आधी सांगितलेली प्रोसेसिंग फी मात्र संस्था ठेवू शकते.

गैरसमज : हप्ता थकला, की वसुलीवाले काहीही करू शकतात.
वस्तुस्थिती : सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. धमकावणं, नातेवाइकांसमोर बदनामी करणं यालाही मनाई आहे. ॲपने फोनमधले संपर्क आणि फोटो उघडायचेच नाहीत. कर्ज फेडावं लागतंच, पण अब्रू गहाण पडत नाही.

तक्रार आधी संस्थेकडे करा. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर जा. ॲपच बनावट निघालं, तर १९३० ही सायबर हेल्पलाइन आहे. हे सारं संरक्षण कर्ज देणारी संस्था नियमांखाली असेल तरच पुरतं कामी येतं. म्हणून जिथे तिचं नाव स्पष्ट दिसत नाही, तिथून एक रुपयाही घेऊ नका.