विश्लेषण : खापराचा ‘लाल’ नेमका कोणता?

संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली ताम्रपाषाणयुगीन भांडी याच गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे शिरूरजवळच्या इनामगावातही ती सापडली. मात्र तेच खापर एकाला लाल दिसते, दुसऱ्याला नारिंगी, तिसऱ्याला विटकरी. मग दोन गावांच्या भांड्यांची तुलना करायची कशी?

त्यासाठी पुरातत्त्वज्ञ ‘मन्सेल’ तक्त्यांची वही वापरतात. मुळात ती माती तपासणाऱ्यांची. अल्बर्ट मन्सेल हे अमेरिकी चित्रकार आणि कलाशिक्षक. त्यांनी रंग तीन गोष्टींत मांडला: छटा, उजळपणा आणि तीव्रता. वहीत रंगीत चौकोन असतात, शेजारी भोके. भोकामागे खापर धरायचे आणि जुळणाऱ्या चौकोनाचा क्रमांक टिपायचा. ‘२.५ वायआर ५/६’ हा लाल, त्यात ‘२.५ वायआर’ ही छटा, ५ उजळपणा, ६ तीव्रता. पुणे असो वा पेरू, क्रमांकाचा अर्थ तोच.

हा खटाटोप कशाला? कारण रंगात भट्टीची हकिगत असते. मातीत लोह असते. भाजताना हवा खेळती राहिली तर भांडे लाल होते, कोंडली तर राखाडी-काळे. फुटलेल्या कडेला बाहेर लाल आणि मधोमध राखाडी पट्टा दिसला, तर बहुधा आच थोडाच वेळ मिळाली किंवा हवा आतपर्यंत पोहोचली नाही. म्हणून पृष्ठभाग आणि गाभा यांचे रंग वेगवेगळे नोंदवतात. चुलीवरच्या काजळीला भट्टीचा रंग समजण्याची चूकही होऊ शकते.

आकडा आला म्हणजे वाद मिटला, असे मात्र नाही. ओले खापर गडद दिसते. दिव्याखालचा रंग उन्हातल्या रंगाशी जुळत नाही. नोंद करणाऱ्याला रंगांधत्व असू शकते, आणि वापरून मळलेली वही तर स्वतःच रंग बदलते. रंगमापक यंत्र डोळ्यांचा हा फरक टाळते. पण ते एका छोट्या ठिपक्यापुरतेच मोजते आणि एकाच मडक्यावर चार छटा असतात. मोबाइलच्या फोटोवर तर भरवसाच नको, कारण कॅमेरा रंग आपोआप ‘सुधारतो’. त्यामुळे खापराशेजारी प्रमाणित रंगपट्टी ठेवूनच फोटो काढतात.

ज्या जुन्या नोंदींत नुसते ‘लाल’ लिहिले आहे, तिथे ते खापर जपून ठेवलेले असेल तरच आज नव्याने मोजता येते.